पांढरी कड की पांढरे पट्टे? दोन बुटके जपानी बांबू

सासा वीची आणि प्लायोब्लास्टस फॉर्च्युनी. दोन्ही मूळचे जपानचे, दोन्ही साधारण कमरेएवढे, आणि हिवाळ्यात दोघांचीही पानं हिरवी-पांढरी. ब्रिटनमधल्या एखाद्या रोपवाटिकेत जानेवारीत कुंडीवरची चिठ्ठी गळून पडलेली असेल, तर नवखा माणूस हमखास फसतो. नावंही एकाच काळाची आठवण देणारी आहेत. रॉबर्ट फॉर्च्युन, म्हणजे चीनमधून चहाची रोपं भारतात पोचवणारा तोच स्कॉटिश माणूस, आणि इंग्लंडच्या रोपवाटिकावाल्या वीच घराण्यातला जॉन गूल्ड वीच, हे दोघेही 1860 मध्ये जपानात झाडं गोळा करत होते.

खरा फरक पांढऱ्या रंगातच आहे. सासाचं कोवळं पान पूर्ण हिरवं असतं, उन्हाळाभर तसंच राहतं. थंडी पडू लागली की त्याची कड वाळते आणि गवती-पांढरी होते. म्हणजे लांबून जी नक्षी वाटते, ती मेलेली पानकड आहे. चिमटीत धरून पाहा, कागदासारखी कुरकुरीत लागेल. प्लायोब्लास्टसचे पांढरे पट्टे मात्र जिवंत असतात. ते पानाच्या लांबीने मध्यातूनही धावतात आणि पान अजून गुंडाळलेलं असतानाच दिसतात. जूनमध्ये रोप घेतलंत, तर गोंधळाला जागाच नाही.

आकारही पाहावा. सासाचं पान ऐसपैस, 5-6 सेंटिमीटर रुंद आणि वीतभर लांब. जून झालेल्या काड्यांवर जांभळट झाक येते. जपानमध्ये ही पानं भात आणि सुशी बांधायला वापरतात, आपल्याकडे पातोळ्यांना हळदीचं पान लागतं तसं. प्लायोब्लास्टसचं पान अरुंद, जेमतेम दोन सेंटिमीटर, त्यावर बारीक लव, आणि काडी फिकट हिरवी.

छाटणीचं गणित यावरूनच ठरतं. प्लायोब्लास्टस वसंताच्या तोंडावर जमिनीलगत कापला की नवी पानं स्वच्छ, ठसठशीत पट्ट्यांची येतात. मधूनच एखादा निव्वळ हिरवा फुटवा दिसला, तर तो मुळापासून काढावा, नाहीतर जोर धरून तोच बाकीच्यांवर कुरघोडी करतो. सासाही हिवाळा सरताना छाटता येतो, पण शरद ऋतूत आवरासावर करण्याच्या उत्साहात कापलात, तर ज्या पांढऱ्या कडेसाठी तो लावला, तीच गेली! मला विचाराल तर सासा थोडा गबाळाच शोभतो. मोठ्या झाडांखालच्या दाट सावलीत, जिथे दुसरं काही धड वाढत नाही, तिथे त्याला मोकळं सोडावं. प्लायोब्लास्टसला थोडं ऊन द्यावं, रंग खुलतो.

आता ज्यात दोघे सख्खे भाऊ आहेत, ते. बुटका हा शब्द फक्त उंचीचा आहे, पसरण्याचा नाही. कोकणातला माणूस बांबू म्हटला की बेट डोळ्यांसमोर आणतो: एका जागी दाटणारं, हळूहळू रुंद होणारं. हे दोघे बेट करत नाहीत. यांचे जमिनीखालचे आडवे कंद लांब पळतात आणि कुंपणापलीकडे शेजाऱ्याच्या हिरवळीत कोंब काढतात. ब्रिटन-अमेरिकेत घर घेतलेल्या आपल्या मंडळींनी तरी हे आधी लक्षात घ्यावं. जमिनीत लावायचाच असेल, तर चोहोबाजूंनी किमान 60 सेंटिमीटर खोल जाड प्लास्टिकचा पत्रा पुरावा आणि त्याची कड जमिनीच्या वर तीन-चार बोटं ठेवावी. कारण कंद अडला की वरून उडी मारतो, आणि ती उडी दिसली तरच कापता येते.

पुण्या-नागपूरच्या उन्हाळ्यात सासाचा हट्ट धरू नये, तो थंड हवेचा. प्लायोब्लास्टस कुंडीत, सकाळच्या कोवळ्या उन्हात आणि नेमाने पाणी देऊन करून पाहता येईल. कुंडी मात्र जमिनीवर टेकवू नका, खाली विटा द्या. तळाच्या भोकातूनही कंद वाट काढतो.