संगीत-विनोदपट, जपानी

बोलता बोलता पात्रे गाऊ लागतात, गाण्यातच भांडतात, रुसतात आणि कथेचा सूर मुख्यतः हलकाफुलका असतो, अशा जपानी चित्रपटांचा प्रकार. कथाविषय बहुधा तरुणांचे प्रेम. जपानीत यासाठी ‘ओंगाकु किगेकी’ (संगीत सुखात्मिका), ‘ओपेरेत्ता’ आणि पुढे ‘म्यूजिकारु’ ही नावे रूढ झाली. त्यांच्या सीमारेषा काटेकोर नाहीत. आपल्याकडे चित्रपटात गाणी असणे हाच नियम असल्याने अशा वेगळ्या नावाची गरज फारशी भासत नाही. जपानी चित्रपटात पात्राने मध्येच गाणे हा अपवाद आहे आणि या प्रकाराचा विक्षिप्तपणा बराचसा त्यातूनच येतो.

उगमाविषयी मतभेद आहेत. चित्रपट-इतिहासात सामान्यतः पी.सी.एल. या संस्थेच्या ‘होरोयोइ जिन्सेइ’ (1933, दिग्दर्शक किमुरा सोतोजी) या चित्रपटाला पहिल्या जपानी संगीतपटाचा मान दिला जातो. ही संस्था 1929 मध्ये ध्वनिमुद्रणाची प्रयोगशाळा म्हणून सुरू झाली होती व 1937 मध्ये ‘तोहो’ या चित्रपट कंपनीत विलीन झाली. चित्रपटाला एका बिअर कंपनीचे साहाय्य होते आणि पडद्यावर बिअर सढळ हाताने वाहते. ‘झिंगलेले आयुष्य’ असा अर्थ होणारे शीर्षक त्याला साजेसेच म्हणायचे. काही अभ्यासक दोन वर्षे मागे जातात. गोशो हेइनोसुके यांचा ‘मादामु तो न्योबो’ (1931) हा जपानचा पहिला यशस्वी संपूर्ण बोलपट. शेजारच्या घरातल्या जॅझच्या गोंगाटाने वैतागलेला लेखक अखेर त्याच मैफलीत जाऊन रमतो, ही त्यातील मध्यवर्ती गंमत. तथापि त्यात गाणे कथेत ‘ऐकू येते’, पात्रे आपल्या भावना त्यातून सांगत नाहीत. म्हणून त्याला पूर्वसूरी मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

तिसरे मत मूकपटांच्या काळाकडे बोट दाखवते. 1920 च्या दशकात ‘कोउता एइगा’ म्हणजे लोकप्रिय गीतांवर बेतलेले मूकपट निघत. नोगुचि उजो यांचे शब्द आणि नाकायामा शिंपेइ यांची चाल असलेल्या ‘सेन्दो कोउता’ (नावाड्याचे गाणे) या गीतावर 1923 मध्ये निघालेला चित्रपट त्यांपैकी प्रसिद्ध आहे. अशा खेळांत गायक चित्रपटगृहात हजर राहून पडद्याशेजारून गात. मूकपटाची कथा बोलून दाखवणाऱ्या ‘बेन्शी’ या निवेदकांची परंपरा लक्षात घेतली, तर आवाज एकीकडे आणि चित्र दुसरीकडे ही योजना त्या प्रेक्षकाला मुळीच परकी नव्हती.

या सर्वांखाली रंगभूमीचा थर आहे. ताकाराझुका येथील मुलींच्या संगीतमंडळीचा पहिला प्रयोग 1914 मध्ये झाला. टोकिओच्या आसाकुसा भागात पाश्चात्त्य ऑपेरेट्टांची स्वैर, स्वस्त रूपांतरे साधारण 1917 पासून गाजू लागली. 1 सप्टेंबर 1923 च्या भूकंपाने ती नाट्यगृहे उद्ध्वस्त झाली, पण तेथे घडलेले नट उरले. पुढे चित्रपटांत विनोदाचा बादशहा ठरलेला एनोमोतो केनइचि (‘एनोकेन’) याच वातावरणातून आला. ‘देर काँग्रेस तान्झ्ट’ हा जर्मन संगीतपट 1934 मध्ये जपानमध्ये लागला आणि कमालीचा गाजला. हॉलिवूडचे अनुकरण हा एकच उगम सांगण्याची प्रवृत्ती त्यामुळे अपुरी ठरते. आसाकुसाचा वाटा प्रस्तुत लेखकास अधिक मोठा वाटतो.

ओशिदोरी उतागास्सेन. या प्रकारातील सर्वांत आनंददायी कृती म्हणून माकिनो मासाहिरो दिग्दर्शित, निक्कात्सुच्या क्योतो येथील स्टुडिओत तयार झालेल्या या चित्रपटाचा (डिसेंबर 1939) निर्देश करावा लागेल. ‘ओशिदोरी’ ही बदकाची देखणी जात. संस्कृत काव्यातील चक्रवाकाची जोडी रात्री ताटातूट भोगते. ओशिदोरीची जोडी मात्र कायम एकत्र असते असे मानतात, म्हणून ती सुखी दांपत्याचे प्रतीक. ‘उतागास्सेन’ म्हणजे गाण्यांची लढाई. दोन पक्षांनी कविता रचून सामना करण्याची ‘उताआवासे’ ही दरबारी प्रथा नवव्या शतकाच्या अखेरीपासून ज्ञात असली, तरी येथे तिचा संबंध नावापुरताच.

कथा एदो काळातली (सतरावे ते एकोणिसावे शतक). रेइझाबुरो हा निर्धन रोनिन (धनी नसलेला सामुराई). शेजारी ओहारु आणि तिचे छत्र्या रंगवणारे वडील. वडिलांना जुन्या वस्तूंचा नाद, मिळालेला पैसा बनावट भांड्यांत जातो आणि घरी भाजलेल्या सातूच्या पिठावर दिवस काढावे लागतात. रेइझाबुरोवर आणखी दोघींचा डोळा आहे. त्यात तसाच जुन्या वस्तूंचा वेडा असलेला एक सरदार ओहारुवर भाळतो. शेवटी पिठाचे ते सामान्य मडकेच दहा हजार ऱ्योचे (ऱ्यो म्हणजे त्या काळचे सोन्याचे नाणे) दुर्मीळ पात्र निघते. श्रीमंतांशी माझे जमायचे नाही, असे रेइझाबुरोने म्हणताच ओहारु ते फोडून टाकते.

रेइझाबुरोची भूमिका काताओका चिएझो या तलवारपटांच्या नायकाने केली. तो आजारी असल्याने दुसऱ्या चित्रपटाचे काम खोळंबले आणि रिकाम्या जागेत हा चित्रपट घाईने, एक-दोन आठवड्यांत उरकला, असे सांगितले जाते. नायक पडद्यावर तुलनेने कमी वेळ दिसतो, हे या आख्यायिकेशी जुळते. सरदार झालेला डिक मिने आणि श्रीमंत घरची मुलगी झालेली हात्तोरी तोमिको हे दोघे तेइचिकु या ध्वनिमुद्रिका कंपनीचे लोकप्रिय गायक होते. वडिलांच्या भूमिकेत शिमुरा ताकाशि आहेत. ‘सात सामुराई’चा धीरगंभीर नायक म्हणून त्यांना ओळखणाऱ्याने येथे त्यांचे स्वतःच्या आवाजातले खुशाल गाणे जरूर ऐकावे. छायालेखन मियागावा काझुओ यांचे, जे पुढे ‘राशोमोन’मुळे (1950) जगाला माहीत झाले. जॅझची चाल, केसांचा एदो अंबाडा आणि अंगणभर वाळत घातलेल्या कागदी छत्र्या हा मेळ अजब आहे, तरी तो खटकत नाही. कारण कोणतेच पात्र त्याची दखल घेत नाही.

चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा सरकारला चित्रनिर्मितीवर व्यापक नियंत्रण देणारा कायदा (ऑक्टोबर 1939) लागू झालेला होता. पुढच्याच वर्षी डिक मिनेला आपले परदेशी वळणाचे नाव बदलून मिने कोइचि असे घ्यावे लागले.

युद्धोत्तर काळ. या काळात लोकप्रिय गायिकांभोवती चित्रपट रचले गेले. ‘जानकेन मुसुमे’ (1955) मध्ये मिसोरा हिबारी, एरि चिएमि व युकिमुरा इझुमि या तिघी समवयस्क गायिका एकत्र आल्या. 1960 च्या दशकात अमेरिकी धर्तीचे भव्य प्रयत्न झाले, पण परंपरा अशी निर्माण झाली नाही.

एकविसाव्या शतकात या प्रकाराकडे मुद्दाम तिरकस नजरेने पाहिले गेले. सुझुकी सेइजुन यांनी 2005 मध्ये रॅकूनसदृश ‘तानुकी’ प्राण्यांच्या राजवाड्याची जुनी संगीतकथा नव्याने मांडली. मीइके ताकाशि यांचा ‘आइ तो माकोतो’ (2012) 1970 च्या दशकातील चित्रकथामालिकेवर आधारलेला असून त्यात श्रीमंत मुलगी व मवाली मुलगा यांचे प्रेम त्या काळच्या गाण्यांत सांगितले आहे. नायक हाणामारी करताना ‘हागेशिइ कोइ’ गातो. हे मूळ गीत साइजो हिदेकीचे, आणि 1974 च्या आवृत्तीत माकोतोची भूमिका त्यानेच केली होती. ही थट्टा ओळखता न आल्यास चित्रपट निव्वळ चक्रम वाटण्याचा संभव आहे.

भारतीय चित्रपटांशी तुलना जपानमध्ये 1998 नंतर होऊ लागली. त्या वर्षी रजनीकांत यांचा ‘मुथु’ हा तमिळ चित्रपट ‘नाचणारा महाराजा’ अशा उपशीर्षकासह टोकिओत लागला व दीर्घकाळ चालला.

‘ओशिदोरी उतागास्सेन’ 2023 मध्ये ताकाराझुकाच्या मंचावर आला. तेथील रीतीप्रमाणे रेइझाबुरोही अर्थातच स्त्रीनेच रंगवला.