वस्तऱ्याची रचना
वस्तरा : मुठीत मिटणारे, एकाच बाजूला धार असलेले दाढीचे हत्यार. त्याच्या पात्याची घडण नुसत्या शोभेसाठी नाही. बहुतेक प्रत्येक वळणामागे धार लावण्याची किंवा धरण्याची सोय आहे.

सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे जाड पाठ. चाकूला दगडावर धार लावताना कोन हाताने सांभाळावा लागतो. वस्तऱ्याची पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकवली की कोन आपोआप ठरतो. १६ मिलिमीटर रुंद पात्याची पाठ साधारण ४.५ मिलिमीटर जाड असेल, तर दोन्ही बाजू मिळून तो सुमारे १६ अंश भरतो. घासताना धारेबरोबर पाठही झिजते, त्यामुळे वर्षानुवर्षे तो फारसा बदलत नाही. चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा फिरवताना पाठ पुढे आणि धार मागे ठेवतात, नाहीतर धार चामड्यात रुतते.

पात्याच्या दोन्ही अंगांना दिलेला खोलगटपणा हे दुसरे वैशिष्ट्य. जुनी पाती पाचरीसारखी भरीव असत. जाड, राठ दाढीवर ती स्थिर चालतात, पण धार लावताना सबंध अंग दगडाला घासते. खोलगट पाते फक्त पाठीला आणि धारेला टेकते, म्हणून काम लवकर होते. एकोणिसाव्या शतकात जर्मनीतील झोलिंगेनच्या कारागिरांनी अशा पात्याला मोठी ख्याती मिळवून दिली. फार पातळ पाते केसांवरून जाताना बारीक नाद करते, पण ते लवतेही. म्हणून काही पात्यांत मुळाशी धातूची उभी जाड पट्टी राखलेली असते. तिच्यामुळे पाते पिळवटत नाही.

टोकाची निवड वापरणाऱ्यावर असते. चौकोनी टोकाने कल्ले आणि मिशीची कड रेखीव येते, पण तेच टोक कातडीत पटकन टोचते. नवख्याने गोल टोकच घ्यावे. काही वस्तऱ्यांच्या टोकाशी, पाठीच्या बाजूला, छोटी खाच असते. ती वस्तरा उघडण्यासाठी असल्याचे सांगतात, पण मागच्या टोकाच्या वळलेल्या शेपटीने तो त्याहून सहज उघडतो; खाच मुख्यतः शोभेची वाटते.

पात्यामागच्या दांड्यावर बोटे धरतात. साबणाने ओले हात घसरू नयेत म्हणून काही दांड्यांच्या खालच्या अंगाला बारीक रेघा पाडलेल्या असतात. मागच्या वळलेल्या शेपटीवर करंगळी टेकते. मूठ म्हटली तरी दाढी करताना वस्तरा तिच्यावर पेलत नाहीत. तिचे खरे काम मिटलेल्या धारेला म्यान होण्याचे. शिंग, हस्तिदंत, लाकूड, सेल्युलॉइड (जुन्या काळचे एक प्लास्टिक) यांच्या मुठी होत आल्या. जुने सेल्युलॉइड कुजू लागले की त्यातून निघणारे वायू पोलाद गंजवतात, त्यामुळे असा वस्तरा मिटून ठेवणे धोक्याचे.

न्हाव्याच्या धोकटीत आज बहुधा अर्धे ब्लेड बसवायचा वस्तरा असतो. प्रत्येक गिऱ्हाइकाला नवे ब्लेड लावता येते. आकार जुन्यासारखाच, पण धार लावायची नसल्याने जाड पाठीचे मूळ काम त्यात उरलेले नाही.