जनरेटरचे इंजिन वरखाली का होते?

पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांवर गेल्यापासून सोलापुरात छोट्या जनरेटरच्या जवळजवळ प्रत्येक बिघाडाचे खापर इथेनॉलवर फोडले जाते. फेब्रुवारी २०२३ मध्ये हे पेट्रोल निवडक पंपांवर मिळू लागले आणि २०२५ पर्यंत देशभर रूढ झाले. आपल्या जिल्ह्यात उसाइतकीच इथेनॉलची चर्चा घरोघरी होत असल्याने या वादात प्रत्येकाचे काही ना काही मत असते. जानेवारीत होम मैदानावर गड्ड्याची यात्रा भरली, की वर्षभर अडगळीत पडलेले पेट्रोल जनरेटर बाहेर निघतात आणि त्यातील अनेकांची एकच तक्रार असते: इंजिन चालू होते, पण एका लयीत चालत नाही. आवाज चढतो, उतरतो, पुन्हा चढतो आणि त्याबरोबर दिवाही उजळतो व मंदावतो. मेकॅनिक मंडळी याला ‘हंटिंग’ म्हणतात. त्यावर दोन निदाने तयार असतात. पहिले, ‘गव्हर्नर गेला’, म्हणजे इंजिनाचा वेग राखणारा भाग बिघडला आणि दुसरे, ‘पेट्रोलच खराब आहे’. माझ्या मते पहिले निदान बहुतेक वेळा चुकीचे असते आणि दुसरे अर्धेच खरे असते.

गव्हर्नरचे काम समजून घेतले, तर तो इतक्या सहजी का बिघडत नाही हे लक्षात येते. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची लागते. छोट्या जनरेटरमधील अल्टरनेटर (वीज तयार करणारा भाग) दोन ध्रुवांचा असल्यामुळे इंजिनाचा दांडा मिनिटाला ३००० फेरे फिरला, तरच ५० हर्ट्झ मिळतात. (इन्व्हर्टर पद्धतीच्या जनरेटरना हे बंधन नसते, ते येथे बाजूला ठेवू.) हा वेग राखण्यासाठी गव्हर्नरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीत (क्रँककेसमध्ये) दातेरी चाकावर दोन छोटी वजने बसवलेली असतात. वेग वाढला, की ती बाहेर फाकतात आणि एका दट्ट्यामार्फत थ्रॉटलची झडप (इंजिनात जाणारे हवा-पेट्रोलचे मिश्रण कमीजास्त करणारी) बंद करू पाहतात. बाहेरच्या बाजूची स्प्रिंग तीच झडप उघडू पाहते. या ओढाताणीत जिथे समतोल साधतो, तो इंजिनाचा वेग. भार टाकल्यावर वेग किंचित उतरतो, वजने मिटतात, स्प्रिंग झडप उघडते आणि इंजिनाला अधिक मिश्रण मिळते. म्हणूनच बिनभाराचा वेग मुद्दाम थोडा चढा, साधारण ५२ हर्ट्झच्या आसपास ठेवलेला असतो.

हीच कल्पना जेम्स वॉटने १७८८ मध्ये वाफेच्या इंजिनावर वापरली. नंतरच्या काळात मात्र असे दिसू लागले, की काही गव्हर्नर वेग स्थिर करण्याऐवजी इंजिनाला हेलकावे देतात. विद्युतचुंबकत्वाच्या समीकरणांसाठी आपण ज्यांना ओळखतो, त्या जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६८ मध्ये याच प्रश्नावर शोधनिबंध लिहिला. वेग जरा ढळल्यावर ती ढळ हळूहळू विरून जाईल की वाढत जाईल, हे यंत्राच्या रचनेवरून गणिताने आधीच सांगता येते, हे त्यांनी दाखवले. आजच्या नियंत्रणशास्त्राचा पाया ज्या लेखनात आहे, ते लेखन आपल्या दुकानासमोर हेलकावे खाणाऱ्या इंजिनाच्या पूर्वजांविषयी आहे, याचे मला फार अप्रूप वाटते.

हेलकाव्यांचे कारण दोन गोष्टींत असते: दुरुस्तीला होणारा उशीर आणि दुरुस्तीचा जोर. एका सिलिंडरच्या चार स्ट्रोक इंजिनात ३००० फेऱ्यांना दर ४० मिलिसेकंदांनी एकदाच जळण होते. गव्हर्नरने झडप आत्ता हलवली, तरी त्याचा परिणाम पुढच्या ओढीत भरलेले मिश्रण जळल्यावरच दिसणार. वजने आणि दांड्या यांचे घर्षण त्यात आणखी भर घालते. एवढ्या उशिराने आलेली दुरुस्ती हलकी असेल, तर काही बिघडत नाही. पण ती जोरदार असेल, तर वेग उतरून पुन्हा चढू लागला असतानाच तिचा धक्का बसतो आणि परतीच्या झोक्याला मागून ढकलल्यासारखा हेलकावा वाढतो. प्रश्न असा, की काल हलकी असलेली दुरुस्ती आज जोरदार कशी झाली? गव्हर्नर तर तोच आहे. उत्तर हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरमध्ये आहे.

बिनभाराने चालणाऱ्या इंजिनाची थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटलेली असते. या स्थितीत इंजिनाला पेट्रोल पुरवतो तो पायलट जेट. ही पितळेची बारीक नळी असते आणि तिचे छिद्र साधारण ०.४ मिलिमीटर व्यासाचे असते. झडप पुरेशी उघडली आणि हवेचा वेग वाढला, की मगच मेन जेट, म्हणजे पेट्रोलची मुख्य नळी, जोर धरतो. आता पायलट जेट अर्धवट तुंबला आहे असे समजा. मिटलेल्या झडपेत मिश्रण विरळ होते, काही जळणे वाया जातात, वेग पडतो. गव्हर्नर आपले काम चोख करतो आणि झडप उघडतो. उघडता उघडता मेन जेट एकदम चालू होतो, इंजिनाला भरपूर पेट्रोल मिळते आणि वेग ठरलेल्या मर्यादेच्या पुढे उसळतो. गव्हर्नर पुन्हा चोखपणे झडप मिटवतो आणि इंजिन परत उपाशी पडते. झडपेच्या त्याच हालचालीला पूर्वी इंजिन हळू प्रतिसाद देत होते, आता ते उडी मारते. हेलकावा मात्र अमर्याद वाढत नाही, कारण एका टोकाला उपासमार आणि दुसऱ्या टोकाला मेन जेट त्याला अडवतात. म्हणून तो ठरावीक आकाराचा होऊन तासन्‌तास चालू राहतो. भार टाकल्यावर हंटिंग बऱ्याचदा आपोआप थांबते ते याचमुळे: झडप कायम उघडी राहते आणि पायलट जेटची गरजच कमी होते.

आता इथेनॉलचा वाटा तपासू. वजनाच्या मापाने पेट्रोलच्या एका भागाला जळण्यासाठी सुमारे १४.७ भाग हवा लागते, तर इथेनॉलला ९ भाग. २० टक्के मिश्रणाला ती साधारण १३.५ भाग लागते. म्हणजे शुद्ध पेट्रोलसाठी घडवलेल्या जेटमधून हे इंधन गेले, तर मिश्रण सात-आठ टक्के विरळ होते. हा परिणाम खरा आहे आणि आधीच काठावर असलेल्या इंजिनाला तो काठापलीकडे नेऊ शकतो. त्याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवून पाहा. ०.४ मिलिमीटरच्या छिद्राच्या आतील भिंतीवर ०.०५ मिलिमीटरचा, म्हणजे केसापेक्षाही पातळ थर बसला, तर व्यास ०.३ होतो आणि छिद्राचे क्षेत्रफळ ४४ टक्क्यांनी घटते. हा थर येतो तो साठवणुकीतून. कार्ब्युरेटरच्या बाऊलमध्ये (तळाच्या वाटीत) उरलेल्या पेट्रोलमधील हलके घटक उडून जातात, उरलेल्याचे हवेशी संयोग होऊन तपकिरी चिकट लेप बनतो. इथेनॉल पावसाळी हवेतील ओलावा ओढून घेते. पाणी फार झाले, तर इथेनॉल आणि पाणी पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसतात आणि बाऊलच्या ॲल्युमिनियम-जस्ताच्या धातूवर पांढरी भुकटी धरते. इथेनॉल दोषी आहेच, पण इंजिन चालताना जितके, त्यापेक्षा जनरेटर पडून असताना कितीतरी अधिक.

निदानाची चाचणी सोपी आहे. इंजिन गरम झाल्यावर, भार न लावता, चोक हळूहळू अर्धा ओढावा. चोकने हवा अडते आणि मिश्रण दाट होते. तेवढ्याने आवाज एका लयीत आला, तर मिश्रण विरळ होते हे सिद्ध झाले. मग कारण जेट तुंबलेला असेल, नाहीतर कार्ब्युरेटर आणि सिलिंडर यांच्यामधील पॅकिंगमधून चोरटी हवा शिरत असेल. चोकने इंजिन आणखी गुदमरून काळा धूर टाकू लागले, तर जेटच्या मागे लागू नये. एअर फिल्टर आधी पाहावा. आपल्याकडे यंत्रमागाच्या कारखान्यांजवळ ठेवलेल्या जनरेटरच्या फिल्टरवर आणि सिलिंडरच्या पात्यांवर सुताच्या तंतूंचा थर इतका बसतो, की हवा आणि गारवा दोन्ही अडतात.

चोकची चाचणी न करता स्प्रिंग ताणणे किंवा वाकवणे ही सर्वांत घातक सवय आहे. वेग ३००० वरून ३६०० झाला, तर वीज ६० हर्ट्झची होते, व्होल्टेज चढते आणि फिरत्या भागांवरचा ताण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे ४४ टक्क्यांनी वाढतो. पेट्रोलच्या नळीवर बसवायचे ‘इंधन बचत करणारे’ चुंबकही याच भोळेपणावर विकले जातात. पेट्रोलच्या रेणूंवर अशा चुंबकाचा परिणाम इतका नगण्य असतो, की त्याने जळण सुधारण्याचा प्रश्नच येत नाही. मालकाचे पैसे मात्र खात्रीने जातात.

दुरुस्ती मोकळ्या हवेत, इंजिन पूर्ण थंड झाल्यावर आणि प्लगची टोपी काढूनच करावी. पेट्रोलचा कॉक बंद करून बाऊलखालचा बोल्ट सोडला, की बाऊल हातात येतो. मेन जेट मधल्या खांबात असतो. पायलट जेट बहुतेक कार्ब्युरेटरमध्ये वरच्या बाजूला, थ्रॉटल अडवणाऱ्या स्क्रूखाली दडलेला असतो आणि तो न काढताच ‘कार्ब्युरेटर साफ केला’ असे सांगितले जाते. जेट उजेडासमोर धरून पाहावा: स्वच्छ छिद्र वाटोळे आणि धारदार दिसते, तुंबलेल्याची कड पिवळट व अस्पष्ट असते. सुई किंवा ड्रिल कधीही घालू नये, कारण पितळ खरवडले, की छिद्र कायमचे मोठे होते. कार्ब्युरेटर क्लीनरचा फवारा, कॉम्प्रेसरची हवा आणि फारच झाले, तर विजेच्या मऊ वायरमधील तांब्याची एक तार एवढेच पुरते. पुढे जनरेटर ठेवून देताना कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे, म्हणजे बाऊल रिकामा राहतो.

सर्व जोडल्यावर, गळती नाही हे पाहून, कानावर न विसंबता मल्टिमीटरवर हर्ट्झ मोजावेत. बिनभाराने ५२ च्या आसपास स्थिर आकडा आला, तर जनरेटरच्या क्षमतेच्या निम्म्या भाराएवढी इस्त्री किंवा हीटर लावावा. आकडा ५१ च्या जवळपास उतरून टिकला, तर काम झाले. तो ४७ पर्यंत कोसळला, तर पायलट जेट साफ झाला असला, तरी मेन जेटची वाट अजून अडलेली असण्याचा संभव अधिक आणि बाऊल पुन्हा उघडावा लागतो.