कंपायलर सर्व्हरवरून उतरला तेव्हा: फ्लेक्स, लॅझ्लो आणि साधं होस्टिंग

मॅक्रोमीडियाने मार्च 2004 मध्ये फ्लेक्स 1.0 हे ब्राउझरमधल्या फ्लॅश प्लेअरवर चालणारे प्रोग्राम बनवण्याचं साधन आणलं, तेव्हा त्याची किंमत दोन सीपीयूंच्या सर्व्हरमागे 12,000 डॉलरपासून सुरू होत होती. हे पैसे नेमके कशाचे, हे कळलं की पुढचा इतिहास उलगडतो. प्रोग्राम एमएक्सएमएल भाषेत लिहायचा आणि ती फाइल तशीच जावा सर्व्हरवर ठेवायची. कुणी ब्राउझरमधून मागितली की तिथला कंपायलर (लिहिलेला कोड चालण्याजोग्या रूपात बदलणारा प्रोग्राम) तिचं एसडब्ल्यूएफ, म्हणजे फ्लॅशची तयार फाइल, बनवून कॅशमध्ये ठेवी आणि फ्लॅश प्लेअरकडे धाडी. कंपायलर सर्व्हरवर राहत होता, म्हणून लायसन्सही सीपीयूंवर मोजलं जाई. नुसतं पीएचपी चालणाऱ्या शेअर्ड होस्टिंगवाल्याला हे दार बंदच होतं.

सॅन फ्रान्सिस्कोच्या लॅझ्लो सिस्टिम्सचा सर्व्हरही याच घडणीचा होता. ऑक्टोबर 2004 मध्ये कंपनीने तो कॉमन पब्लिक लायसन्सखाली खुला केला. किंमत गेली, पण टॉमकॅट हा जावा सर्व्हर मात्र मानगुटीवरून उतरला नाही. ती अडचण 2005 च्या ओपनलॅझ्लो 3.0 मधल्या ‘सोलो’ पद्धतीने सुटली: कॅनव्हास टॅगमध्ये ‘प्रॉक्सीड’चं मूल्य ‘फॉल्स’ करायचं, एकदाच कंपाइल करायचं आणि तयार एसडब्ल्यूएफ एचटीएमएल पानासोबत अपाचेसारख्या साध्या वेब सर्व्हरवर टाकायचं. आमच्या मते या सगळ्या कहाणीतलं खरं वळण हेच.

मात्र सर्व्हर गेल्यावर तो गुपचूप करत असलेली कामंही गेली. पीएनजी किंवा जिफ चित्रं तो फ्लॅशला पचतील अशा रूपात बदलून देई. सोलोमध्ये, फ्लॅश प्लेअर 7 वर, चालू प्रोग्रामात बाहेरून आणायची चित्रं जेपेगच लागत, आणि तीही प्रोग्रेसिव्ह (टप्प्याटप्प्याने स्पष्ट होत जाणारी) नसलेली. प्रोग्रेसिव्ह जेपेग दिलं की जागा कोरी राही. दूरच्या मशीनकडून काम करून घेण्याच्या सोप आणि जावा आरपीसी या पद्धतीही सर्व्हरविना चालत नसत. दुसऱ्या डोमेनवरचा डेटा पूर्वी सर्व्हर आणून देई. आता तो थेट प्लेअर मागणार, म्हणून ज्या डोमेनवर डेटा आहे त्याच्या सर्वांत वरच्या फोल्डरात ‘क्रॉसडोमेन डॉट एक्सएमएल’ ही परवानगीची फाइल ठेवणं आलं. अनेक जण ती फाइल स्वतःच्याच साइटवर ठेवत आणि परवानगी का मिळत नाही म्हणून शोधत बसत. प्लेअर 7 पासून डोमेनचं नाव तंतोतंत जुळावं लागे, त्यामुळे ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ असलेला आणि नसलेला पत्ता वेगवेगळे धरले जात.

जून 2006 च्या फ्लेक्स 2 मध्ये, मॅक्रोमीडिया विकत घेतलेल्या ॲडोबीनेही कंपायलर डेव्हलपरच्या टेबलावर आणला. ‘एमएक्सएमएलसी’ या कंपायलरसह एसडीके, म्हणजे प्रोग्राम बनवण्याच्या साधनांचा संच, फुकट मिळू लागला. आता पैसे पडत ते फ्लेक्स बिल्डर या एडिटरचे, म्हणजे 499 डॉलर, आणि मोठ्या वापरासाठी डेटा सर्व्हिसेस या सर्व्हरवरच्या, डेटा पुरवणाऱ्या भागाचे. तयार प्रोग्राम कितीही साध्या सर्व्हरांवर ठेवा, त्याला शुल्क नाही.

तरी अडायला जागा होत्याच. डेटा सर्व्हिसेसच्या कॉन्फिग फाइलमधला पत्ता कंपाइल करतानाच एसडब्ल्यूएफमध्ये शिरे. त्यात ‘लोकलहोस्ट’ (म्हणजे हेच मशीन) लिहिलेलं राहिलं की आपल्या मशीनवर सगळं सुरळीत आणि होस्टवर ठप्प. एचटीटीपीएसवर ‘नो-कॅश’ हेडर पाठवला की इंटरनेट एक्सप्लोररमध्ये डेटा येईना आणि एरर 2032 दिसे. फ्लेक्स 3 मध्ये फ्रेमवर्कची, म्हणजे सगळ्या प्रोग्रामांना लागणाऱ्या फ्लेक्सच्या सामायिक कोडची, सही केलेली एसडब्ल्यूझेड फाइल प्लेअर 9.0.115 पासून वेगळी कॅश होऊ लागली, त्यामुळे प्रत्येक प्रोग्राम हलका झाला. पण मायक्रोसॉफ्टचा आयआयएस 6 हा वेब सर्व्हर अनोळखी एक्स्टेंशनची फाइल देतच नसे, थेट 404. तिथे एमआयएमई प्रकार (फाइल कशाची आहे हे सांगणारी खूण) हाताने जोडावा लागे. जुन्या प्लेअरसाठी सोबतची साधी एसडब्ल्यूएफ फ्रेमवर्क फाइलही चढवावी लागे.

फेब्रुवारी 2008 मध्ये फ्लेक्स 3 मोझिला पब्लिक लायसन्सखाली आलं. हे लायसन्स फाइलपुरतं बांधतं: फ्रेमवर्कची फाइल बदलून वाटली तर ती खुली करा, तुमच्या स्वतःच्या फाइली तुमच्याच. लॅझ्लोच्या लायसन्सनुसार कंपाइल केलेलं रूप स्वतःच्या अटींवर वाटता येतं, मात्र मूळ सोर्स कसा मिळेल ते त्या अटींमध्ये सांगावं लागतं. लॅझ्लोची रनटाइम लायब्ररी (प्रोग्राम चालताना लागणारा तयार कोड) प्रत्येक एसडब्ल्यूएफमध्ये जाई, म्हणून हे कलम वाचायलाच हवं होतं. फ्लेक्सचे चार्ट मात्र खुल्या भागात नव्हते. ज्या मशीनवर कंपाइल केलं तिथे लायसन्स की नसेल तर आलेखावर वॉटरमार्क उमटे. डेव्हलपरकडे स्वच्छ दिसणारा चार्ट बिल्ड मशीनमधून शिक्का घेऊन येई तो यामुळेच.

ॲडोबीने नोव्हेंबर 2011 मध्ये फ्लेक्स अपाचे फाउंडेशनला देण्याचं जाहीर केलं. फ्लॅश प्लेअरचा आधार 31 डिसेंबर 2020 ला संपला आणि 12 जानेवारी 2021 पासून प्लेअरने मजकूर चालवणंच थांबवलं. कंपाइल केलेल्या फाइली साध्या सर्व्हरवर ठेवण्याची रीत मात्र वेबअसेंब्लीत, म्हणजे ब्राउझरमध्ये थेट चालणाऱ्या कंपाइल केलेल्या कोडच्या प्रकारात, पुन्हा आली, आणि जुनी अडचणही सोबत घेऊन आली: फाइल स्ट्रीमिंगने (उतरत असतानाच) उघडायची तर सर्व्हरने तिचा एमआयएमई प्रकार ‘ॲप्लिकेशन/वॅझम’ असाच सांगावा लागतो, नाहीतर ब्राउझर नकार देतो.