काव्यहेतू

काव्यहेतू : नवी, स्वतःची म्हणावी अशी रचना माणसाच्या हातून कशामुळे घडते, या प्रश्नाचा संस्कृत साहित्यशास्त्राने केलेला विचार या नावाने ओळखला जातो. ‘हेतू’ याचा अर्थ इथे उद्देश नव्हे, कारण. कीर्ती, पैसा, उपदेश हे उद्देश ‘काव्यप्रयोजने’ या वेगळ्या सदरात येतात. कारणे सामान्यतः तीन सांगितली जातात : प्रतिभा, व्युत्पत्ती आणि अभ्यास. सातव्या शतकाच्या आसपास होऊन गेलेल्या भामह-दंडींपासून सतराव्या शतकातल्या जगन्नाथ पंडितापर्यंत जवळजवळ प्रत्येक शास्त्रकाराने या तिघांचा हिशेब आपापल्या परीने मांडला. चर्चा कवीची असली तरी तिच्यात चित्रकाराचे दाखले वरचेवर येतात, आणि बरेचसे म्हणणे कुठल्याही कलेला लागू पडते.

प्रतिभेची सर्वांत प्रसिद्ध व्याख्या भट्टतौताची : ‘प्रज्ञा नवनवोन्मेषशालिनी प्रतिभा मता’. नवे नवे उन्मेष जिच्यात सतत फुटत राहतात ती बुद्धी म्हणजे प्रतिभा. ही व्याख्या ज्या ग्रंथातली, तो आज उपलब्ध नाही. ती टिकली ती इतरांनी उद्धृत केल्यामुळे. तौताचा शिष्य अभिनवगुप्त याने ‘अपूर्व वस्तू निर्माण करू शकणारी प्रज्ञा’ असे म्हटले. दोन्ही व्याख्यांत प्रतिभेला प्रज्ञाच म्हटले आहे, हे नजरेतून सुटू नये. म्हणजे ती बुद्धीचाच एक प्रकार, अंगात येणारे वारे नव्हे.

व्युत्पत्ती हा शब्द मराठीत आता शब्दाचे मूळ शोधण्यापुरता उरला आहे. जुना अर्थ ‘व्युत्पन्न पंडित’ या प्रयोगात मात्र शाबूत आहे : बहुश्रुतता, लोकव्यवहाराची आणि शास्त्रांची जाण. असा एकही शब्द, अर्थ, न्याय (तर्काचा नियम) किंवा कला नाही जी काव्याचे अंग होत नाही, केवढा हा कवीच्या डोक्यावरचा भार, असे भामह म्हणतो. चित्रकलेकडे हीच अपेक्षा ‘विष्णुधर्मोत्तर’ पुराणात दिसते. मूर्ती घडवायला शिकवा म्हणणाऱ्या वज्र राजाला मार्कंडेय सांगतो, आधी चित्र शीक; चित्रासाठी नृत्य, नृत्यासाठी वाद्य आणि वाद्यासाठी गायन यायला हवे. राजाला हव्या त्या विषयाला हात घालण्याआधी चार पायऱ्या उतरून तळाशी जावे लागते.

तिसरे कारण अभ्यास, म्हणजे जाणकाराच्या हाताखाली पुन:पुन्हा करणे. गवयी ज्याला रियाज म्हणतात तेच.

वाद पेटला तो या तिघांच्या नात्यावर. दंडी उदार आहे. जन्मजात प्रतिभा नसली तरी श्रवण-वाचन आणि परिश्रम यांनी वाणीची उपासना केली, तर ती काहीतरी कृपा करतेच, असा दिलासा तो देतो. अकराव्या शतकातला मम्मट तिन्ही गोष्टी सांगतो, पण ‘हेतुः’ असे एकवचन वापरतो आणि वर खुलासाही करतो की हे तीन हेतू नव्हेत. तिन्ही मिळून एकच हेतू. संस्कृतच्या वर्गात या एकवचनावर आजही प्रश्न येतो. हेमचंद्राने कारण म्हणून एकटी प्रतिभा धरली आणि बाकी दोघांना तिच्यावर संस्कार करण्याचे काम दिले. जयदेवाने ‘चंद्रालोका’त वेलीचा दृष्टांत दिला : प्रतिभा हे बी, श्रवण आणि अभ्यास ही माती-पाणी. जगन्नाथही एकट्या प्रतिभेच्या बाजूचा, पण ही प्रतिभा कुणाला अदृष्टामुळे, म्हणजे दैवी कृपेने, लाभते, तर कुणाला व्युत्पत्ती-अभ्यासातूनच येते, असे म्हणून त्याने मागचे दार उघडे ठेवले. खुद्द त्याचा दिमाख काही औरच. आपल्या ग्रंथातली उदाहरणे आपणच नव्याने रचली, दुसऱ्याचे काही घेतले नाही, कस्तुरी निर्माण करण्याची शक्ती असलेला मृग फुलांचा वास मनाने तरी घेईल का, असे त्याने सुरुवातीलाच लिहून ठेवले आहे.

या तात्त्विक वादापेक्षा प्रत्यक्ष शिकवणीचा भाग जास्त रंजक आहे. काश्मीरच्या क्षेमेंद्राने अकराव्या शतकात ‘कविकंठाभरण’ हे छोटेखानी पुस्तक उमेदवार कवींसाठीच लिहिले. तो शिष्यांचे तीन वर्ग करतो : थोड्या प्रयत्नात तयार होणारे, कष्टाने तयार होणारे आणि असाध्य. जो मुळातच दगडासारखा आहे, व्याकरणाने ज्याचे वाटोळे केले आहे किंवा तर्कशास्त्राच्या धुराने जो करपला आहे, तो असाध्य. शिकवले म्हणून गाढव गात नाही, असे तो सरळ सांगतो. मधल्या वर्गासाठी त्याचे पाठ आहेत. पहिला पाठ, अर्थाकडे न पाहता नुसत्या अर्थशून्य शब्दांनी वृत्त भरायचे, म्हणजे कानात लय बसते. दुसरा पाठ, एखादा नामांकित श्लोक घेऊन अर्थ तोच ठेवून शब्द बदलायचे. ‘रघुवंशा’चा पहिला श्लोक असा :

वागर्थाविव संपृक्तौ वागर्थप्रतिपत्तये ।
जगतः पितरौ वन्दे पार्वतीपरमेश्वरौ ॥

आणि शब्द बदलल्यावर :

वाण्यर्थाविव संयुक्तौ वाण्यर्थप्रतिपत्तये ।
जगतो जनकौ वन्दे शर्वाणीशशिशेखरौ ॥

वृत्त सांभाळले गेले, अर्थही ढळला नाही, पण श्लोक पडला. ‘पितरौ’ या एका शब्दात आई आणि वडील दोघेही सहज मावत होते. ‘जनकौ’मध्ये ती ऊब नाही. ‘पार्वतीपरमेश्वरौ’मधला प-काराचा ठेकाही गेला. कालिदासाने तोच शब्द का निवडला, हे शंभर टीका वाचून कळणार नाही इतके या खटाटोपात कळते, आणि पाठाचा खरा लाभ बहुधा हाच असावा.

याच पुस्तकात कवीला द्यायच्या शंभर सूचनांची यादी आहे. रात्र सरताना उठावे, नाटके पाहावीत, कारागिरांचे कसब आणि चित्रे निरखावीत, प्राण्यांचे स्वभाव, समुद्र, डोंगर, चंद्र, सूर्य, तारे आणि सगळे ऋतू पाहावेत, शोक करणाऱ्यांचा विलाप ऐकावा, स्मशानात आणि रानात जावे, लोकांच्या घोळक्यात मिसळावे, लिहिलेले पुन्हा पुन्हा तपासावे. स्फूर्तीची वाट पाहत बसा, असे या यादीत कुठे आढळत नाही.

आठव्या शतकाच्या अखेरीच्या वामनाने एकाग्रतेसाठी जागा आणि वेळही नेमून दिली आहे : निवांत ठिकाण आणि रात्रीचा चौथा प्रहर. शब्द ठेवावा, उचलावा, मन हेलकावे खात असेतोवर हे चालू द्यावे. शब्द ढळेनासा झाला की सरस्वती सिद्ध झाली, असा श्लोक त्याने नोंदवला आहे. जिथे शब्द बदलताच येत नाही त्या अवस्थेला त्याच्या परंपरेत ‘पाक’ म्हणतात. यावर अवंतिसुंदरी या विदुषीने घेतलेला आक्षेप मार्मिक आहे. हा पाक नव्हे, ही अशक्ती आहे, असे ती म्हणते, कारण थोर कवींना एकाच गोष्टीसाठी अनेक पाठ सुचतात आणि ते सगळेच पक्व असतात. वर दाखवलेल्या श्लोकाकडे पाहता वामनाचे पारडे जड वाटते खरे, पण तो बदल विद्यार्थ्याच्या सरावासाठी केलेला होता, कालिदासाने नव्हे.

ही अवंतिसुंदरी राजशेखराची पत्नी. राजशेखर कनौजच्या प्रतिहार राजांच्या पदरी इ. स. 900 च्या सुमारास होता, पण आपला पूर्वज अकालजलद याला तो ‘महाराष्ट्रचूडामणी’ म्हणवतो. त्याची ‘काव्यमीमांसा’ अठरा भागांची योजलेली होती. हाती आहे तो ‘कविरहस्य’ हा पहिलाच भाग. तो 1916 मध्ये बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेतले पहिले पुस्तक म्हणून छापला गेला. सरस्वतीचा मुलगा काव्यपुरुष आणि गौरीने निर्माण केलेली साहित्यविद्या यांचा विवाह राजशेखराने विदर्भातल्या वत्सगुल्म नगरात लावला आहे. वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशीम.

राजशेखराने प्रतिभेचे दोन भाग केले. रचणाऱ्याची ती कारयित्री आणि आस्वादकाची ती भावयित्री. कारयित्री पुन्हा तीन प्रकारची : सहजा जन्माबरोबर येते, आहार्या या जन्मीच्या मेहनतीने येते, औपदेशिकी उपदेशाने येते. आस्वादकांचे प्रकार त्याने चवीने वर्णिले आहेत : काहीच न रुचणारे, गवतासकट सगळे गिळणारे, मत्सरी आणि मर्म जाणणारे. कवींची विभागणी वेळेवरूनही केली आहे. गुहेत किंवा घराच्या गाभ्यात बसून अखंड लिहिणारा असूर्यंपश्य, मनात आले तरच बसणारा निषण्ण, चाकरी सांभाळून सवडीने लिहिणारा दत्तावसर आणि प्रसंग पडला की लिहिणारा प्रायोजनिक. मराठी साहित्यिकांत बहुसंख्या तिसऱ्या वर्गाची आहे, हे सांगायला संशोधन नको.

कवीची दिनचर्याही त्याने प्रहरांत वाटून दिली आहे. सकाळच्या उपासनेनंतर पहिला प्रहर विद्यांच्या अनुशीलनाचा, दुसरा रचनेचा, जेवणानंतर तिसरा काव्यगोष्टीचा. चौथ्या प्रहरी एकट्याने किंवा मोजक्या माणसांत बसून सकाळच्या लेखनाची परीक्षा करायची, कारण रसाच्या भरात लिहिताना विवेकाची दृष्टी काम करत नाही. जवळ पेटी असावी. तिच्यात फळी आणि खडू, लेखणी आणि दौत, ताडपत्रे किंवा भूर्जपत्रे. अर्धवट रचना कुणाला वाचून दाखवू नये. नवी रचना एकट्या माणसासमोर तर मुळीच वाचू नये. ती माझीच, असे त्याने म्हटले तर साक्षीदार कुठून आणणार? पुरी झालेल्या ग्रंथाच्या अनेक प्रती करून ठेवाव्यात. चित्रकार जसा तसे त्याचे चित्र, कवी जसा तसे त्याचे काव्य, ही ओळही याच प्रकरणातली.

उसनवारीचा, म्हणजे ‘हरणा’चा, प्रश्न या विचारात टाळलेला नाही. नवव्या शतकातल्या आनंदवर्धनाने दोन कवींच्या साम्याचे तीन प्रकार सांगितले : आरशातल्या प्रतिबिंबासारखे, चित्रासारखे आणि दोन माणसांच्या सारखेपणासारखे. पहिली दोन टाळावीत, तिसऱ्यात वावगे काही नाही, कारण दोघांचा जीव वेगळा असतो. राजशेखराने त्यात दुसऱ्याच्या नगरात शिरावे तसा चौथा प्रकार मिळवून प्रत्येकाचे आठ, असे एकूण 32 पोटभेद केले. जिचे मूळ कुठेच सापडत नाही त्या कल्पनेला त्याने ‘अयोनि’ म्हटले. चोर नसलेला कवी नाही आणि चोर नसलेला वाणी नाही, बेमालूम लपवता येते तो सुखी, असेही तो सांगून जातो. इतर चोऱ्या काळाच्या ओघात पुसल्या जातात, पण शब्दांची चोरी मुला-नातवांपर्यंत पुसली जात नाही, हे जुन्या आचार्यांचे मतही त्याने दिले आहे. त्यावर अवंतिसुंदरी उसनवारीच्या सबबी मोजून दाखवते : तो अप्रसिद्ध, मी प्रसिद्ध, त्याचे बोलणे गुळवेलीसारखे, माझे द्राक्षासारखे. ती समर्थन करते आहे की टोमणा मारते आहे, हे वाचणाऱ्याने ठरवावे. प्रस्तुत लेखकाला तो टोमणाच वाटतो.

नवेपणा म्हणजे नेमके काय, याचे सर्वांत चांगले उत्तर आनंदवर्धनाच्या ‘ध्वन्यालोक’ या ग्रंथाच्या चौथ्या उद्योतात, म्हणजे प्रकरणात, आहे. आधी पाहिलेलेच अर्थ रसाचा स्पर्श झाला की वसंतातल्या झाडांसारखे नवे दिसू लागतात. उदाहरण म्हणून तो एक जुना श्लोक घेतो : लग्नाची बोलणी निघाली की मुली लाजेने मान खाली घालतात आणि अंगावरच्या रोमांचांनी मनातली ओढ कळते. सगळे सांगून झाले. ‘कुमारसंभवा’त अंगिरस ऋषी शंकरासाठी मागणी घालतात, तेव्हा वडिलांशेजारी खाली मान घालून बसलेली पार्वती हातातल्या कमळाच्या पाकळ्या मोजू लागते. रोमांच नाहीत, ओढ हा शब्दही नाही. विषय तोच, मुलगी तशीच, नवे आले ते फक्त पाकळ्या मोजणे.

मराठीत या विषयाची स्वतंत्र मांडणी रामदासांनी केली. ‘दासबोधा’च्या चौदाव्या दशकातल्या तिसऱ्या समासात कवित्वाचे ढीट, पाठ आणि प्रासादिक असे तीन प्रकार आहेत. मनात येईल ते बळेच रचणे म्हणजे ढीट. पुष्कळ ग्रंथ पाहून त्याबरहुकूम आपणही उतरवणे म्हणजे पाठ. व्युत्पत्ती आणि अभ्यास यांच्यावर विसंबलेल्या कवीची यात चांगलीच पंचाईत होते. प्रासादिक कवित्व त्यांनी भक्तीशी जोडले : ज्याच्या अंतरी सर्वोत्तमाचे ध्यान लागले, त्याचे सहज बोलणेही कवित्व ठरते.