खुरचाफा : लागवड आणि फुलांतील विविधता

खुरचाफा हा करवीर कुलातील प्लुमेरिया प्रजातीचा चिकाळ वृक्ष. देवचाफा व पांढरा चाफा ही त्याची इतर नावे. सोनचाफ्याचे कूळ मात्र वेगळे. मेक्सिको, मध्य अमेरिका आणि कॅरिबियन बेटे हे खुरचाफ्याचे मूळस्थान. प्रजातीला फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ शार्ल प्ल्युमिये (१६४६–१७०४) यांचे नाव दिलेले आहे. जर्मन डॉक्टर व वनस्पतिशास्त्रज्ञ व्हिल्हेल्म हिलेब्रांट यांनी १८६० मध्ये हे झाड हवाईत नेले. लाओस आणि निकाराग्वा या दोन्ही देशांचे हे राष्ट्रीय फूल आहे.

बागेत दिसणारे बहुतेक रंगीत चाफे प्लुमेरिया रुब्रा या जातीचे. तिची पाने टोकदार असतात आणि थंडीत किंवा कोरड्या ऋतूत गळतात. प्लुमेरिया ऑब्ट्युसाची पाने गडद, चकचकीत व टोकाला गोलसर असून झाड बरेचदा वर्षभर हिरवे राहते. प्लुमेरिया प्युडिकाचे पान चमच्याच्या आकाराचे असते; फुले भरपूर पांढरी, पण सुगंध जवळजवळ नाही.

खुरचाफ्याचा फुलोरा फक्त फांदीच्या शेंड्यावर येतो. तो आला की त्या शेंड्याची वाढ थांबते आणि खालून बहुधा दोन-तीन नव्या फांद्या फुटतात. प्रत्येक बहराबरोबर झाड असे दुभंगत, तिभंगत जाते. जितके शेंडे जास्त तितके घोस जास्त. फुलण्याच्या तोंडावर छाटणी केली तर तो बहर हातचा जातो. छाटायचेच तर झाड विश्रांतीत असताना, वाढ सुरू होण्याच्या जरा आधी छाटावे.

लागवड फांदीपासून सर्वांत सोपी. राखाडी सालीची, पक्व, ३० ते ४५ सेंमी लांबीची फांदी घ्यावी. कोवळी हिरवी फांदी सहज सडते. पाने काढून ती एक-दोन आठवडे सावलीत ठेवतात. काप पूर्ण सुकला की भरड, झटपट निचरा होणाऱ्या मातीत लावतात. चीक त्वचेला व डोळ्यांना त्रासदायक असल्याने हातमोजे घालणे शहाणपणाचे. नवी पाने नीट उमलेपर्यंत पाणी अगदी बेताने द्यावे. अशी कलमे तहानेने क्वचितच मरतात, कुजून मात्र सर्रास मरतात. रुजलेल्या झाडाला दिवसाला किमान सहा तास ऊन हवे. नत्र फार झाले तर पाने माजतात आणि फुले रुसतात. पानगळीच्या काळात पाणी जवळपास थांबवावे, आणि हिमतुषारापासून झाड जपावे.

पानांच्या खालच्या बाजूला नारिंगी पूड दिसली की तो तांबेरा. गळलेली पाने गोळा करून नष्ट करणे आणि झाडांभोवती हवा खेळती ठेवणे हा त्यावरचा पहिला उपाय.

बियांचा मार्ग लांबचा, पण विविधतेचा उगम तोच. खुरचाफ्याच्या फुलात मध नसतो. रात्री दरवळणाऱ्या सुगंधाला भुलून लांब सोंडेचे पतंग येतात, रिकाम्या नळीत सोंड घालतात आणि तेवढ्यात परागण होऊन जाते. त्यातून जोडीने लागणाऱ्या शेंगा पिकायला अनेक महिने लागतात. आतल्या पंखधारी बिया लवकर रुजतात, पण फूल पाहायला बहुधा तीन किंवा अधिक वर्षे थांबावे लागते. एकाच शेंगेतल्या दोन रोपांची फुले रंग, आकार व गंधात भिन्न निघू शकतात, म्हणून आवडीच्या झाडाची बी लावून तेच झाड मिळत नाही. तेच हवे असेल तर फांदी किंवा भेट कलम लागते.

पाकळ्यांची पिवळी छटा कॅरोटिनॉइड या रंगद्रव्यांची, तर गुलाबी-लाल छटा अँथोसायनिन या रंगद्रव्यांची. हे रंग फुलभर सारखे पसरलेले नसतात, त्यामुळे पिवळा गाभा, गुलाबी कडा, लाल शिरा असे मेळ दिसतात. पाच पाकळ्या कधी एकमेकींवर पूर्ण चढलेल्या, कधी सुट्या व निमुळत्या, कधी मागे वळलेल्या असतात. अधूनमधून एखादे सहा पाकळ्यांचे फूलही त्याच घोसात सापडते.

आणि एकच झाडही सदा सारखे फुलत नाही. कडक उन्हात गुलाबी रंग विटतो, गडद लाल पाकळ्यांच्या कडा करपतात, आणि उमललेले फूल दिवसागणिक छटा बदलते. नव्याने रुजलेल्या कलमाचा पहिला बहर लहान व फिका असू शकतो, म्हणून त्यावरून वाणाची पारख करणे अन्यायाचे ठरते. छायाचित्रावरून वाण ओळखण्याचा प्रयत्न याच कारणाने बरेचदा फसतो. पानाचा आकार, पाकळीचा पोत, गंध आणि घोसाची ठेवण ही लक्षणे दोन-तीन बहर पाहून टिपावीत. बियांपासून आलेल्या रोपाला नवे नाव द्यायचे असेल, तर हे निरीक्षण कलमांवरही करून पाहणे योग्य.