अस्तराच्या मुळाशी

गेल्या चैत्रात इंदूरच्या राजेंद्रनगरात आमच्या घरी गौरीचं हळदीकुंकू होतं. पन्ह्याचे पेले फिरवता फिरवता माझी धाकटी जाऊ स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी मटकन खाली बसली. ओठ पांढरे पडलेले. "ताई, दोन वर्षं झाली, अंगावरून फार जातंय," हे तिनं त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. जवळ बसलेल्या तिघींनी एकच उपाय सुचवला, "मुलं झालीत ना? मग पिशवी काढून टाक." तिचं वय ४४. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ८. पण पिशवी न काढता तिचं आतलं अस्तर जाळण्याचाही एक उपाय असतो, एंडोमेट्रियल ॲब्लेशन. जावेनं शेवटी तो केला.

फार म्हणजे किती? साधारण पाळीत ३० ते ४० मिलिलिटर रक्त जातं. ८० मिलिलिटरच्या वर गेलं की ते जास्त, अशी जुनी मोजणी. पण घरात कोण मोजणार! तासा-दोन तासाला पॅड बदलावं लागणं, मोठ्या गाठी पडणं, रात्री कपड्यांसाठी उठावं लागणं, सात दिवसांवर पाळी लांबणं, पाळीच्या भीतीनं बाहेर जाणंच टाळणं, ही खरी मापं. एक मिलिलिटर रक्तात अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपास लोह असतं. म्हणजे ८० मिलिलिटरमागे ३० ते ४० मिलिग्रॅम लोह गेलं. जेवणातून शरीर दिवसाला जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम शोषतं. महिन्याची सगळी कमाई पाच दिवसांत वाहून जाते, आणि आपण तिला म्हणतो, "बीट खा, खजूर खा."

गर्भाशयाच्या आतल्या अस्तराला दोन थर असतात. वरचा थर दर महिन्याला वाढतो आणि पाळीत गळून पडतो. खालचा तळथर मात्र जागेवर राहतो आणि त्यातूनच पुढच्या महिन्याचं अस्तर उगवतं. दूर्वा वरून कितीही खुडल्या तरी मुळं शाबूत असली की पुन्हा फुटतात, तसंच हे. क्युरेटिंगनं वरचा थर खरवडला जातो, म्हणून त्याचा आराम टिकत नाही. एंडोमेट्रियल ॲब्लेशनमध्ये उष्णता देऊन हा तळथरच नष्ट करतात. १९८१ साली अमेरिकेत मिल्टन गोल्डरथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लेसरनं हे करून दाखवलं. आज कुठे गर्भाशयात फुगा सोडून त्यातलं द्रव काही मिनिटं तापवून ठेवतात, तर कुठे जाळीच्या आकाराच्या उपकरणातून रेडिओ लहरींची ऊर्जा दोनेक मिनिटं देतात. सगळं योनिमार्गातून होतं. पोटावर छेद नाही, टाके नाहीत.

त्याआधी अस्तराचा तुकडा तपासायला पाठवतात. माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची पायरी हीच, कारण अस्तरात कर्करोग किंवा त्याची पूर्वावस्था लपलेली असेल तर ॲब्लेशन करायचंच नसतं. सोनोग्राफीत फायब्रॉइड (गर्भाशयातल्या गाठी), पॉलिप (अस्तराचे कोंब) दिसतात. रक्तस्राव कमी करणाऱ्या ट्रॅनेक्झामिक ॲसिडच्या गोळ्या किंवा हार्मोन सोडणारी तांबी यांनीही अनेकींचं भागतं, आणि ते आधी करून पाहावं. जावेला गोळ्या पुरल्या नाहीत, तांबी तिला नको होती.

म्हणून ॲब्लेशन ठरलं. त्यासाठी ती दुपारी दवाखान्यात गेली आणि दिवेलागणीला घरी आली. भूल उतरल्यावर पोटात बाळंतकळांसारख्या कळा येत होत्या. गोळी आणि गरम पाण्याची पिशवी यांवर रात्र निघाली, सकाळी कळा ओसरल्या. तिला भीती वाटली ती चौथ्या दिवशी. पॅडवर रक्त नव्हतं, गुलाबीसर पाणी होतं, आणि ते थांबेना. भाजल्यावर आलेला फोड फुटला की पाणी येतं ना? आतली भाजलेली जागा भरत येताना तसंच पाझरते. दोन-तीन आठवडे, कधी चार. तेवढे दिवस पॅडच वापरायचं, आत काही घालायचं नाही, संबंध टाळायचे. पण ताप, दुर्गंधी, वाढत जाणारी पोटदुखी किंवा तासातासाला पॅड भिजवणारं रक्त, यांतलं काहीही झालं तर वाट न बघता दवाखाना गाठायचा. लोहाच्या गोळ्याही बंद करायच्या नाहीत. रिकामी झालेली कोठी भरायला महिने लागतात.

गुण आला की नाही, हे तीन महिन्यांआधी ठरवू नये. काहींची पाळी पूर्ण थांबते, बऱ्याच जणींची हलकी होते. काहींना मात्र पुढे पुन्हा शस्त्रक्रिया लागते. वय जितकं कमी, तितकी ही शक्यता जास्त, कारण तळथराचा एखादा तुकडा वाचला तर त्याला पाळी जाईपर्यंत वाढायला बरीच वर्षं मिळतात.

आणि एक गोष्ट आपल्याकडच्या बायकांनी आवर्जून विचारावी. जावेची नसबंदी धाकट्याच्या वेळीच झाली होती. गर्भाशयाच्या कोपऱ्यात, नळीच्या तोंडाशी थोडं अस्तर जिवंत राहिलं, तर त्याचं रक्त खाली व्रणानं अडतं आणि वर बंद नळीनं. मग महिन्याच्या महिन्याला एका कुशीत कळ येते. ही शक्यता थोड्याच जणींत असते, पण "नसबंदी झाली आहे" हे डॉक्टरांना आधीच सांगायला हवं. झाली नसेल तर उलटी काळजी. ॲब्लेशन हे गर्भनिरोधक नाही. त्यानंतर दिवस राहिले तर आई आणि बाळ दोघांनाही मोठा धोका असतो, म्हणून मूल हवं असणाऱ्यांसाठी हा उपाय नाहीच. अंडाशयांना यात हात लागत नाही, त्यामुळे याने म्हातारपण लवकर येतं ही समजूतही चुकीची.

या चैत्रात तिनं स्वतः आंब्याची डाळ वाटली. पाळी दोन दिवसांची, डागांपुरती. हिमोग्लोबिन ११.८. तिच्या फाइलच्या पहिल्या पानावर मी मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं आहे: ॲब्लेशन झालेलं आहे, गर्भाशय काढलेलं नाही. उद्या पाळी गेल्यावर कुणी तिला हार्मोनच्या गोळ्या देऊ केल्या, तर उरलेलं अस्तर वाढू नये म्हणून सोबत प्रोजेस्टेरॉन हे हार्मोनही लागेल. आणि तेव्हा रक्ताचा एक डाग दिसला तरी तो तपासावा लागेल.